नकाशावरची खोली आणि होडीखालचे पाणी

हिवाळ्यातील सुट्टीची सकाळ, हलकी कायाक आणि गळ एवढ्या सामग्रीवर बहारीनमध्ये सुरेख समुद्रसहल होऊ शकते. मात्र निघण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हाती हवे: जेथे जायचे तेथे पाणी किती खोल आहे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तळ्यांचे खोलीनकाशे सरकारच उपलब्ध करून देते. तळ्याची पातळी दिवसभरात फारशी बदलत नसल्याने नकाशावरचा आकडा जवळपास तसाच धरता येतो. झिंजच्या दक्षिणेला असलेल्या तुबली खाडीत किंवा बहारीनभोवतीच्या उथळ पाण्यात तसे करणे धोक्याचे आहे.

आकडा कशाचा असतो?

सागरी नकाशावरील खोली ही त्या क्षणाची खोली नसते. ती अतिनीच ओहोटीच्या जवळ असलेल्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेली असते. प्रत्यक्ष खोली काढण्यासाठी तीत त्या वेळची भरतीची उंची मिळवावी लागते. अधोरेखित आकड्याचा अर्थ उलटा असतो: ती जागा त्या पातळीच्या तेवढी वर आहे व ओहोटीला उघडी पडते. म्हणून तो आकडा भरतीच्या उंचीतून वजा करावयाचा.

बहारीनमध्ये उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटर असतो. समजा, भरती 2.2 मीटर, ओहोटी 0.2 मीटर आणि नकाशावर अधोरेखित 0.6 आहे. ऐन भरतीला तेथे 1.6 मीटर पाणी असेल. सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बाराव्या हिश्श्यांनी उतरते, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार चार तासांनी त्याच जागी जेमतेम 10 सेंटिमीटर पाणी उरेल. कायाक चिखलात रुतेल आणि पुढची भरती येईपर्यंत उन्हात अडकून पडावे लागेल.

पाऊणपटीचा हिशेब येथे चालत नाही

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अनेकांना पाठ असतो. उधाण आणि भांग यांचे चंद्राशी असलेले नाते आखातातही तेच आहे. भरतीची वेळ मात्र स्थानिक किनारा आणि तळ यांवर ठरते. त्यामुळे मीना सलमान बंदराचे भरती-कोष्टकच पाहावे. तुबली खाडीची तोंडे अरुंद असल्याने आत पाणी चढण्या-उतरण्यास विलंब होतो, हेही ध्यानात ठेवावे.

नकाशाचे वय

1820च्या दशकात मुंबईच्या ‘बॉम्बे मरीन’च्या अधिकाऱ्यांनी शिसे बांधलेली दोरी सोडून या आखाताची पद्धतशीर मोजणी केली. आज बहारीनच्या सर्वेक्षण व भूनोंदणी विभागाची जलसर्वेक्षण शाखा हे काम करते. परंतु येथे भराव आणि गाळउपसा यांमुळे किनारा सतत बदलतो. म्हणून मोबाइलवरील नकाशात सर्वेक्षणाचे वर्ष आधी शोधावे. त्याला जोड म्हणून ‘सेंटिनेल-2’ या उपग्रहाची विनामूल्य छायाचित्रे घ्यावीत. भरती आणि ओहोटी या दोन्ही वेळांची चित्रे शेजारी ठेवली की उघडे पडणारे पट्टे आणि खोल वाटा स्पष्ट होतात. गढूळ पाण्यात मात्र केवळ रंगावरून खोली ठरवू नये.

शेवटची खातरजमा स्वतःच करावी. छोटा फिश फाइंडर उपयोगी पडतो. तो नसेल तर वजन बांधून दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरीही पुरे. हाच शोध मासेही दाखवतो: साफी समुद्रगवताच्या उथळ पट्ट्यावर चरते, तर हामूर खडकाळ उताराच्या आडोशाला राहतो.

तुबली खाडी 1997पासून रामसर यादीत आहे. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी चालू निर्बंध विचारून घ्यावेत, लाइफ जॅकेट घालावे आणि परतीची वेळ घरी सांगून निघावे. ती वेळ ओहोटीचा तिसरा तास सुरू होण्यापूर्वीची असावी. आणि कायाक रुतलीच, तर चिखलातून चालत किनारा गाठण्याचे धाडस करू नये. होडीतच बसून मदत मागवावी.