विद्युत् परीक्षण साधने, लहान व्यवसायातील

घरगुती, शेतीविषयक व लहान उद्योगांतील विद्युत् जोडण्यांची सुरक्षितता तपासण्यासाठी आणि त्यांतील दोष हुडकण्यासाठी वीजतंत्री जी सुवाह्य (सहज नेता येणारी) उपकरणे वापरतो, त्यांना विद्युत् परीक्षण साधने म्हणतात. प्रयोगशाळेतील मापनात अचूकतेला प्रथम स्थान असते. येथे ते वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेला आणि मिळणाऱ्या उत्तराच्या निःसंदिग्धतेला द्यावे लागते. एक-दोन माणसांच्या व्यवसायाने कोणती साधने कोणत्या क्रमाने घ्यावीत, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला असून उदाहरणासाठी पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, आळेफाट्याजवळचे राजुरी हे गाव घेतले आहे.

जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाचे कालवे, विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे ही पिके होतात. जोडीला दुग्धव्यवसाय आहे. त्यामुळे अशा गावातील वीजतंत्र्याचे काम घरातील दिवे-पंख्यांपुरते राहत नाही. विहिरीवरील त्रिकला (थ्री फेज) चलित्र म्हणजे मोटर, कडबाकुट्टी, दूध काढण्याचे यंत्र, पत्र्याचा ओला गोठा ही सर्व त्याच्या कामाची ठिकाणे होत. साधनांची निवड या कामांवरून ठरते, विक्रेत्याच्या सूचीवरून नव्हे.

टेस्टर व त्याच्या मर्यादा : बहुतेकांच्या खिशात असणाऱ्या पेचकसरूपी टेस्टरमध्ये निऑन दिवा व मोठा रोधक एकसरीत जोडलेले असतात आणि परिपथ माणसाच्या शरीरातून पुरा होतो. दिवा लागला, तर तेथे दाब आहे एवढेच कळते. न लागल्यास खात्रीने काहीच कळत नाही. तंत्री कोरड्या लाकडी घोडीवर उभा असला किंवा ऊन प्रखर असले, तर जिवंत तारही मृत भासते. शिवाय निऑन दिवा पेटण्यास साधारणतः ६० व्होल्टांहून अधिक दाब लागतो. गोठ्याच्या लोखंडी खांबावर ४० व्होल्ट उतरले असतील, तर टेस्टर गप्प राहील. गाय मात्र ओल्या जमिनीवर चार पाय फाकून उभी असल्याने तिला धक्का बसेल. अशा जागी स्पर्श-दाबाची मर्यादा २५ व्होल्ट धरण्याचा प्रघात आहे तो यामुळेच.

उलट प्रकारची फसगत विहिरीवर होते. चालू चलित्राची एका कलेची वितळतार (फ्यूज) गेली, तरी ते उरलेल्या दोन कलांवर फिरत राहू शकते आणि तिसऱ्या कलेच्या अग्रावर त्याच्याच गुंडाळीत निर्माण झालेला दाब जवळजवळ पुरता दिसतो. तिन्ही अग्रांवर टेस्टर लागतो आणि ‘करंट तिन्ही फेजला आहे’ असा निर्वाळा दिला जातो. तोवर गुंडाळी जळत असते. येथे खरे उत्तर चिमटामापक (टाँग टेस्टर) देतो. तार न तोडता तिच्याभोवती जबडा मिटला की प्रवाह वाचता येतो. ५ अश्वशक्तीचे चलित्र ४१५ व्होल्टांवर पूर्ण भाराला सुमारे ७·५ अँपिअर घेते. एक कला गेली की एका तारेत शून्य आणि इतर दोहोंत त्याच भाराला सुमारे १३ अँपिअर दिसतात. शेतीपंपांचे काम करणाऱ्याने चिमटामापक चैनीची वस्तू समजू नये.

बहुमापक : दाब, प्रवाह व रोध हे तिन्ही मोजणारे पहिले प्रसिद्ध बहुमापक (मल्टिमीटर) ब्रिटिश डाक खात्यातील अभियंते डोनल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ‘आव्होमीटर’ या नावाने बाजारात आले. आजचे अंकीय बहुमापक स्वस्त आहेत. पण घेताना त्यावर छापलेली मापन श्रेणी पाहावी. वितरण फलक व स्थिर चलित्रे यांसाठी ‘कॅट ३’, तर मीटरपूर्वीच्या तारांसाठी ‘कॅट ४’ श्रेणी लागते. रोहित्राजवळ मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यास हजारो अँपिअर वाहू शकतात आणि हलक्या प्रतीचा मापक हातात फुटतो. अंकीय मापकाचा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने जिवंत तारेशेजारून गेलेल्या मोकळ्या तारेतही तो ५०–१०० व्होल्ट दाखवू शकतो. हा भास ओळखण्यासाठी थोडा प्रवाह ओढणारा द्विध्रुवी दाबनिदर्शक जवळ असावा. जुने वायरमन दोन दिवे एकसरीत जोडून हेच साधत. युक्ती खरी, पण उघडी टोके व काच यांमुळे धोक्याची.

निरोधनमापक : तारेवरील निरोधक आवरण व गुंडाळी शाबूत आहेत की नाहीत, हे बहुमापकाच्या काही व्होल्टांच्या घटाने कळत नाही, त्यासाठी ५०० व्होल्ट एकदिश दाब लावणारा निरोधनमापक लागतो. त्याला सर्रास ‘मेगर’ म्हणतात. हे व्यापारनाम एव्हरशेड व व्हिग्नोल्स या ब्रिटिश कंपनीने १९०३ मध्ये नोंदविले. नीच दाबाच्या मांडणीत किमान १ मेगओहम रोध मिळाला पाहिजे. परीक्षणापूर्वी पुरवठा तोडून एलईडी दिवे व इतर इलेक्ट्रॉनीय उपकरणे सोडवावीत, अन्यथा ती निकामी होतात. परीक्षणानंतर लांब केबलीतील भार मोकळा करावा. नवी वीजजोडणी मागताना अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. न मोजता भरलेला आकडा ही त्या सहीची विटंबनाच होय.

भूसंपर्क व गळती : दख्खनच्या पठारावर माती थोडी आणि मुरूम व काळा पाषाण फार. कोळसा व मीठ घालून पुरलेली पट्टी दिसते म्हणून भूसंपर्क (अर्थिंग) चांगला, असे समजता येत नाही. त्याचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टांचा दोष झाल्यावर जास्तीत जास्त ११·५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची वितळतार वितळणार नाही आणि यंत्राचा सांगाडा जिवंतच राहील. हा रोध भूरोधमापकाने, दोन साहाय्यक शलाका ठोकून मोजतात. दाबशलाका प्रवाहशलाकेच्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर ठेवतात. मोजणी चैत्र-वैशाखात करावी. पावसाळ्यातला आकडा खोटा दिलासा देतो. खडकाळ जागी ३० मिलिअँपिअरचा गळती-विच्छेदक (आरसीसीबी) बसविणे अपरिहार्य ठरते. त्यावरील चाचणी-कळ फक्त यंत्रणा हलते हे सांगते, भूसंपर्काबद्दल काही सांगत नाही.

खरेदीचा क्रम : भांडवल थोडे असल्यास द्विध्रुवी दाबनिदर्शक व बहुमापक प्रथम, लगेच निरोधनमापक, पाठोपाठ चिमटामापक घ्यावा. शेतीपंपांचे काम अधिक असल्यास शेवटच्या दोहोंचा क्रम उलटवावा. भूरोधमापक महाग आणि क्वचित लागणारा असल्याने आसपासच्या दोघातिघांनी मिळून घेण्यास हरकत नाही. दुरुस्ती व अंशशोधनाची (कॅलिब्रेशन) सोय नाशिक, पुणे वा मुंबईस आहे की नाही, हे आधीच विचारावे. दाब तपासणारे कोणतेही साधन मृत तारेवर लावण्यापूर्वी व नंतर ज्ञात जिवंत तारेवर पडताळून पाहतात. प्रत्येक चलित्राचे निरोधन तारखेसह वहीत लिहून ठेवल्यास गेल्या वर्षी २० मेगओहम असलेली गुंडाळी यंदा २ वर आली हे दिसते; ती मर्यादेत असली, तरी हंगाम सुरू होण्यापूर्वी विहिरीतून वर काढावी.