उसना हिवाळा

सफरचंदाची कलमे हल्ली पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांतही मिळू लागली आहेत. ‘४५ अंशांतही फळ धरतं’ असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. तो खोटे बोलत नाही, अर्धेच बोलतो. आपल्या अंगणात सफरचंदाची खरी अडचण उन्हाळ्याची नसते, हिवाळ्याची असते.

सिमल्याकडच्या डेलिशियस जातींना पानगळीनंतर सात अंशांखालची सुमारे हजार तास थंडी लागते. त्यामागे झाडाचा हिशेब आहे. डिसेंबरात चार दिवस ऊब पडली म्हणून डोळे फुटले, तर पुढच्या हिमात सगळा मोहोर जळेल. म्हणून डोळ्यांतली काही जनुके वाढ रोखून धरतात आणि थंडीचे पुरेसे तास साठल्यावरच ढिली पडतात. तास कमी पडले, तर शेंड्याला चार पाने येतात, मधले डोळे मुकेच राहतात आणि फुले आलीच तर विरळ, मागेपुढे येतात.

थोडक्या थंडीवर भागवणाऱ्या जाती आहेत. इस्रायलची ‘ॲना’ दोन-तीनशे तासांवर फुलते. ‘डॉर्सेट गोल्डन’ तर बहामा बेटांवरची. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल, उष्ण भागासाठी ‘एचआरएमएन-९९’ निवडली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मुंबईत सात अंशांखालचे तास मोजायचे तरी कुठून? इथे जावा बेटावरच्या बातू गावाकडे पाहावे. विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवरच्या या डोंगराळ गावात हिवाळा असा नसतोच, तरी तिथे सफरचंदाची दोन-दोन पिके निघतात. फळे उतरली की शेतकरी झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून काढतात. डोळा तोवर गाढ झोपेत गेलेला नसतो, त्याला फक्त पानांनी आणि शेंड्याने दाबून धरलेले असते. तो दाब गेला की झोप लागण्याआधीच डोळा फुटतो. म्हणजे हिवाळा पुरवला जात नाही, चक्क टाळला जातो. सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना यात नवल वाटू नये. बहार धरताना ताण देणे आणि पानगळ करणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. वर्षातून दोनदा द्राक्षाची छाटणी करणारा नाशिकचा बागाईतदारही थंड मुलखातल्या वेलीला असाच आपल्या वेळापत्रकावर चालवतो.

घरी करायचे असेल, तर डिसेंबरअखेर पाणी कमी करून पाने उतरवावीत, हलकी छाटणी करावी आणि मग पाणी सुरू करावे. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत मात्र लावूच नये, मुळे कुजतात.

बाजारातल्या फळाची बी पेरण्याचा मोह टाळावा. रोप आईवर जात नाही आणि फळाला कित्येक वर्षे लागतात. कलमच घ्यावे, तेही वेगवेगळ्या जातींची दोन. बहुतेक सफरचंदांची फुले आपल्याच जातीचे परागकण ओळखतात आणि परागनलिका वाटेतच अडवतात. एकाच जातीची दहा कलमे म्हणजे शेवटी एकच झाड. ॲनाशेजारी डॉर्सेट लावतात ती याचसाठी.

रंगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. सालीतला लाल रंग गार रात्रीच नीट भरतो आणि आपल्याकडे फळ ऐन मे-जूनच्या उकाड्यात तयार होते. लाल होण्याची वाट पाहत ते झाडावर ठेवू नये. ॲना फार लवकर पिठूळ होते.