खाणींच्या नकाशांसाठी झटणारा अभियंता

जमिनीखाली काम करणाऱ्यांना एक मोठा धोका असतो तो विस्मृतीत गेलेल्या जुन्या खाणीचा. बंद खाणीत वर्षानुवर्षे पाणी साचत राहते. तिचा नकाशा उपलब्ध नसेल, तर शेजारचे खोदकाम नकळत त्या पाण्याला जाऊन भिडते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या हीटन कोळसा खाणीत १८१५ साली असेच पाणी घुसले आणि ७५ जणांचा बळी गेला.

थॉमस सॉपविथ (१८०३-१८७९) हे याच न्यूकॅसलचे. वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलेले सॉपविथ पुढे भूमापक आणि खाण अभियंता झाले. खाणींचे नकाशे जतन करण्याची निकड त्यांनी १८३८ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या न्यूकॅसल अधिवेशनात मांडली. त्यातूनच १८४० मध्ये लंडनला खाण अभिलेख कार्यालय सुरू झाले. भूस्तरांची रचना उलगडून दाखविणाऱ्या लाकडी प्रतिकृतीही त्यांनी १८४१ मध्ये तयार केल्या. लहानपणीचे सुतारकाम येथे कामी आले. १८४५ ते १८७१ या काळात त्यांनी ॲलनहेड्स येथील शिशाच्या खाणींचा कारभार सांभाळला.

तथापि, या कार्यालयाकडे नकाशे देणे ऐच्छिक होते. बंद कोळसा खाणीचा नकाशा सरकारकडे सोपविण्याची सक्ती झाली ती १८७२ च्या कायद्याने. सॉपविथ यांच्या आवाहनानंतर तब्बल ३४ वर्षांनी!