‘अ‍ॅसिड हाउस’चा जनक? चरणजित सिंग यांची १९८२ ची तबकडी आणि तिच्याभोवतीचे समज

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजेच घरोघरी ‘एचएमव्ही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, मुंबईतील वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली, तेव्हा तिची दखल ना शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी घेतली, ना चित्रपटगीतांच्या. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच कंपनीने ती नव्याने बाजारात आणल्यावर मात्र तिच्याभोवती दंतकथांची अशी गर्दी झाली की, मूळ संगीत ऐकण्याआधीच त्याच्याविषयीचे मत तयार असावे, अशी स्थिती निर्माण झाली.

यातला सर्वांत लाडका समज असा की, सिंग यांनी ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा शोध शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत लावला. अ‍ॅसिड हाउस ही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोतील नृत्यगृहांत रूढ झालेली शैली असून, ‘फ्यूचर’ या गटाची १९८७ ची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तिची पायाभूत रचना मानली जाते. तिचा प्राण ‘टीबी-३०३’ या रोलंड कंपनीच्या जपानी यंत्रात आहे. हे यंत्र एकट्या गिटारवादकाला साथीचा खर्ज मिळावा म्हणून बनवले गेले होते. पण त्यात स्वर आणि त्यांचे कालमान वेगवेगळे भरावे लागत, त्यामुळे ते अनेकांना किचकट वाटले आणि १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. शिकागोच्या तरुणांनी जुन्या बाजारातून ते स्वस्तात उचलले आणि ते वाजत असतानाच त्याच्या ‘फिल्टर’च्या, म्हणजे नादातील वरच्या कंप्रता अडवणाऱ्या भागाच्या, कळा फिरवून तो चिरका, पिळवटलेला आवाज काढला. कळांशी चाललेला हा खेळ हाच अ‍ॅसिड हाउसचा गाभा होय. सिंग यांच्या तबकडीत अग्रभागी आहे ती ‘ज्युपिटर-८’ या सिंथेसायझरवर वाजवलेली रागाची सुरावट. ३०३ चा खर्ज तिच्या पाठीशी उभा राहतो. शिवाय ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्या कर्त्यांनी ही तबकडी ऐकली होती, असा कोणताही पुरावा नाही, आणि जे ऐकलेच गेले नाही त्याला उगमस्थान म्हणता येत नाही. ‘३०३ वापरणारे जगातील पहिले’ हा दावाही तितकाच डळमळीत आहे, कारण ‘हेवन सेव्हन्टीन’ या ब्रिटिश गटाच्या १९८२ च्याच ‘लेट मी गो’ या गाण्यात ते यंत्र ऐकू येते.

मग हे विलक्षण साम्य आले कुठून? पाश्चात्त्य लोकप्रिय गीतात स्वरसंघ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे पुंजके, बदलत जातात आणि त्यांच्याबरोबर खर्जालाही जागा बदलावी लागते. रागसंगीतात मात्र षड्ज अढळ असतो, त्यामुळे भूपाली असो वा मालकंस, खर्जाला एकाच आधारस्वराभोवती फिरत राहण्याची मुभा मिळते. शिकागोच्या नृत्यसंगीतातही खर्ज बहुधा असाच एका जागी ठाण मांडून बसतो. त्यात ३०३ च्या एका आवर्तनात जास्तीत जास्त सोळाच मात्रांश भरता येतात, म्हणून लहानशी सुरावट पुनःपुन्हा फिरत राहते, आणि तिच्या खाली ‘टीआर-८०८’ या तालयंत्राचा ठोका एकसारखा चालतो. यंत्रे एक, आधारस्वर स्थिर आणि आवर्तन आखूड, एवढ्या गोष्टी जुळल्यावर परस्परांना न ओळखणाऱ्या दोन ठिकाणी सारखा नाद उमटला, तर त्यात चमत्कार मानण्याचे कारण उरत नाही.

३०३ मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय आहे, जिच्यामुळे एक स्वर तुटून दुसरा सुरू होण्याऐवजी पहिल्यातून दुसऱ्यात घसरतो. तिला सरसकट ‘यंत्रातील मींड’ म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. घसरण्याचा वेळ यंत्रात ठरलेला असून तो वादकाला बदलता येत नाही, तर गायकाची मींड रागागणिक, किंबहुना त्या क्षणागणिक, संथ किंवा त्वरित होते.

यातूनच उलट बाजूचा आक्षेप येतो की, हे मुळी राग नव्हेतच. भोपाळमध्ये त्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९८२ रोजी, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेले भारत भवन खुले झाले आणि त्याच शहरात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी ध्रुपदाचे शिष्य घडवले. त्या वातावरणात कान तयार झालेल्या श्रोत्याला आलाप आणि श्रुती यांच्याविना तोडीचे नाव घेणे खटकणे स्वाभाविक आहे. आक्षेपात तथ्य आहेच, कारण पट्टीच्या बारा ठरलेल्या स्वरांत तोडीचा अतिकोमल गंधार सापडणार नाही. तथापि ललितातील दोन मध्यम किंवा मधुवंतीतील कोमल गंधार आणि तीव्र मध्यम यांची चौकट या वादकाने जपली आहे, आणि शीर्षकातही मैफलीचा दावा नसून डिस्कोच्या ठेक्याचीच कबुली आहे. प्रयोगाला त्याने न दिलेल्या वचनाबद्दल जाब विचारण्यात अर्थ नाही.

ही तबकडी म्हणजे ‘एफेक्स ट्विन’ या ब्रिटिश संगीतकाराने मागाहून रचलेली थाप आहे, अशीही कुजबुज झाली. एचएमव्हीच्या मूळ प्रती अस्तित्वात असून सिंग यांनी उतारवयात युरोपात जाऊन हेच संगीत रंगमंचावर सादर केले, एवढे सांगितले की तो विषय संपतो.

अधिक खोलवर रुजलेला समज असा की, भारतात इलेक्ट्रॉनिक नाद डिस्कोच्या लाटेबरोबरच आला. प्रत्यक्षात १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील गाजलेली पुंगी ही पुंगीच नव्हती; तो नाद कल्याणजी यांनी ‘क्लॅव्हिओलीन’ या विद्युत वाद्यावर काढलेला होता. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवलेला स्टुडिओ उभा राहिला आणि तेथे गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी रचना केल्या. त्या ध्वनिफिती मात्र कित्येक दशके कपाटातच राहिल्या. सिंग स्वतः हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बास गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवत आलेले होते, त्यामुळे नवे यंत्र हाताळणे हा त्यांच्या पेशाचा रोजचा भाग होता. आकाशातून पडलेला एकाकी प्रतिभावंत ही प्रतिमा आकर्षक असली तरी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील या परंपरेवर ती अन्याय करते.

तबकडी खपली नाही, याचा दोष श्रोत्यांच्या मागासलेपणावर ढकलला जातो, तोही घाईचा आहे. १९८० च्या ‘कुर्बानी’पासून १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’पर्यंत डिस्कोला श्रोते भरपूर होते, पण ते गीतांना होते, वाद्यसंगीताच्या तबकड्याही बहुधा ओळखीच्या चित्रपटगीतांच्या चालींवर खपत, आणि सिंग यांनीही तशा तबकड्या काढल्या होत्या. या तबकडीत गीत नव्हते, गायक नव्हता, चित्रपटाचे नाव नव्हते, तबलाही नव्हता. दुकानदाराने ती कोणत्या कप्प्यात ठेवावी, हाच प्रश्न होता. जुलै २०१५ मध्ये सिंग यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांनी त्यांचा उल्लेख अ‍ॅसिड हाउसच्याच संदर्भात केला; वाद्यवृंदातील त्यांच्या कित्येक वर्षांच्या वादनाच्या वाट्याला त्यांत फार थोड्या ओळी आल्या.