फिरती तालीम

एस. टी.ला लोंबकळून प्रवास करणारे लोक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पण उभ्या बसला मुद्दाम लोंबकळावे, आणि तेही बोटांच्या टोकांनी, हा प्रकार मला यंदा जळगावात प्रथमच पाहायला मिळाला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मित्रांच्या साह्याने मोडीत निघालेली बस घेतली आहे. आत निजण्याची आणि चहापाण्याची सोय झाली आहे. आता मागच्या दाराशी कडे चढणाऱ्यांच्या सरावाची फळी, म्हणजे हँगबोर्ड, बसवण्याचे घाटते आहे. "सर, कडे धुळ्याकडे आणि आम्ही इथे. मग तालीमच बरोबर न्यायची!" असे तो म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. खानदेशात दगडाला तोटा नाही. धुळ्याजवळ आग्रा रोडवर लळिंगचा किल्ला उभा आहे. साक्री-नंदुरबारकडे तर काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा तेथेच थिजला. भोवतालचा खडक झिजला आणि भिंत तेवढी उरली. भूगर्भशास्त्रज्ञ तिला 'डाइक' म्हणतात.

कडा चढताना शरीर पाय तोलतात. पण आधी दगा देतात ती बोटे. म्हणून ती कमावावी लागतात. अमेरिकेत योसेमिटीच्या तळावर जॉन बाकर याने झाडाला शिडी टांगली होती. तिच्या खालच्या बाजूने तो नुसत्या हातांनी चढे. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशने 1988 साली न्युरेंबर्गच्या व्यायामशाळेत तिरप्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि 1991 साली 'ॲक्शन डायरेक्ट' ही त्या काळची सर्वांत बिकट चढाई साधली. दोरीचा मल्लखांब पाहिलेल्या आपल्या माणसाला यात फारसे नवल वाटू नये. 2016 साली तर नवी मुंबईत या खेळाची जागतिक चषक स्पर्धाही झाली.

प्रश्न असा, की फळी बसला टांगायची कशी? तिथल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी तो एका वाक्यात सोडवला: "पत्रा झाकायला असतो, पेलायला नाही." बसचा भार वाहतो तो सांगाडा, म्हणजे उभे खांब आणि छताच्या कमानी. पत्र्यात स्क्रू पिळून लावलेली फळी चार दिवस राहील आणि पाचव्या दिवशी माणसासकट खाली येईल. म्हणून दोन कमानींना लोखंडी चॅनेल जोडायचा, त्यावर जाड प्लायवुड, आणि त्यावर फळी. नटबोल्ट आरपार, मागे रुंद वायसर. साठ किलोचा माणूस स्वस्थ लोंबकळला तर भार साठ किलोंचाच. पण त्याने झेप घेऊन पकड धरली, की तोच दुपटीवर जाऊ शकतो. शिवाय बस स्प्रिंगांवर डुलते. तेव्हा जागा सपाट हवी, चाकांना दगड हवेत आणि खाली जाड गादी हवी.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही. आर. टी. ओ.ला विचारल्यावाचून मिस्त्रींनी वेल्डिंगचा दिवा पेटवू नये, हे बरे. फळी सुटी होणारी असावी, प्रवासात आत ठेवलेली असावी.

पण मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची. बस एखाद्या गावात थांबली, की शाळेतली पोरे भोवती जमणारच. "त्यांनाही लटकू देऊ, सर," असे हा उत्साहाने सांगतो. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोके कोवळी असतात. हाड जिथून वाढते तिथेच झेपांच्या सरावाने चीर पडू शकते आणि बोट कायमचे वाकडे होऊ शकते. अशा दुखापती चढाई करणाऱ्या किशोरवयीन मुलांत डॉक्टरांनी पाहिल्या आहेत. मुलांनी दोन्ही हातांनी जाड दांडा धरून झोके घ्यावेत, दोरीवर चढावे, दगडावर पाय ठेवायला शिकावे. पण बोटभर खाचेवर झेपा घेणे वाढ पुरी होईपर्यंत नको, आणि बोट दुखत असेल तर मुळीच नको. मोठ्यांनीही आधी अंग गरम करावे, आणि एका दिवसाच्या सरावानंतर बोटांना विसावा द्यावा.

शहरात कृत्रिम भिंती उभ्या राहतात, त्यांचे प्रवेशशुल्क असते. साक्रीच्या पोराला ते परवडेलच असे नाही. एखादी जुनी बस त्याच्या गावाच्या वेशीवर जाऊन उभी राहिली, तर चढाईचे पहिले धडे त्याला घरबसल्या मिळतील. मात्र तिच्यावर दोन फळ्या असाव्यात: एक बोटांसाठी आणि दुसरी मोठ्या अक्षरांत नियम लिहिण्यासाठी. दुसरी आधी लावावी.