आवाक्यातला उपग्रह

कारंजा तालुक्यातल्या कामरगावात गच्चीवर मुलांनी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या प्लॅस्टिकच्या पाइपवर आडव्या बसवल्या. प्रत्येक नळी अर्ध्या मीटरहून थोडी मोठी, दोन्हींत 120 अंशांचा कोन. खाली केबल, पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर आणि लॅपटॉप. रशियाचा मेटिऑर हा हवामान उपग्रह क्षितिजावर आला, तसा 137.9 मेगाहर्ट्‌झवर पडद्यावर जाड पट्टा उमटला आणि ढगांचं चित्र ओळीओळीने उतरू लागलं. केबलचा जोड सैल झाला की ओळी तुटत. मुलांनी तो स्वतः हुडकला.

"सर, आपला उपग्रह कधी जाईन वर?"

या प्रश्नाचं खरं उत्तर पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दिलं आहे. त्यांचा 'स्वयम्' म्हणजे 10 सेंटिमीटरचा घन, वजन किलोच्या आत. उपग्रहाला अवकाशात ठरावीक दिशेला तोंड करून ठेवणं फार अवघड. मोठे उपग्रह त्यासाठी फिरती चाकं, तारे टिपणारे कॅमेरे आणि अखंड गणित करणारा संगणक वापरतात. सीओईपीच्या मुलांनी आत कायमचुंबक बसवले. होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या रेषेत वळतो आणि सोबतच्या चुंबकीय पट्ट्या त्याचं डोलणं हळूहळू शमवतात. त्यासाठी वीज नको, प्रोग्रॅम नको आणि बिघडायला हलता भागही नाही. अशा उपग्रहाकडून अचूक नेम धरून फोटो मिळणार नाहीत. म्हणून कामही तसंच निवडलं, हौशी रेडिओवरचा संदेश साठवायचा आणि दुसरीकडे पोचवायचा. मला यातला शहाणपणा उपग्रहाहून मोठा वाटतो. एवढं साधं ठेवूनही 2008 साली सुरू झालेलं काम 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 वरून वर गेलं. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या कॉलेजातून बाहेर पडल्या.

शाळांसाठी मधली वाटही आहे. 'आझादीसॅट' या उपग्रहासाठी देशभरातल्या 75 शाळांच्या मुलींनी सुमारे 50 ग्रॅमची एकेक उपकरण-पाटी (सर्किट बोर्ड) केली. पूर्ण उपग्रह जोडण्याचा भार चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडियाने उचलला. ऑगस्ट 2022 मध्ये रॉकेटने कक्षा चुकवली, फेब्रुवारी 2023 मध्ये दुसरा उपग्रह नीट पोचला.

शिक्षकांना माझं सांगणं एवढंच: आधी ऐकायला शिकवा. मग हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा, मग एक छोटी पाटी. अख्ख्या उपग्रहाचं वचन मुलांना आताच देऊ नका.