आकड्यापासून फेऱ्यांपर्यंत : मोशन कंट्रोलर आणि स्पिंडल ड्राइव्हची जोडणी

स्पिंडल म्हणजे सीएनसी यंत्रातला कटर धरून फिरणारा दांडा. प्रोग्रॅममध्ये ‘एम३ एस१२०००’ अशी ओळ आली, की त्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मिनिटाला १२,००० फेरे या वेगाने फिरायचे असते. ही ओळ वाचतो मोशन कंट्रोलर. स्पिंडलच्या मोटरला वीज देतो व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह. वर्कशॉपमध्ये त्याला नुसते ‘ड्राइव्ह’ किंवा ‘व्हीएफडी’ म्हणतात. कंट्रोलरचा सारा व्यवहार पाच, दहा किंवा चोवीस व्होल्टमध्ये चालतो. ड्राइव्हच्या पोटात तीनशेहून जास्त व्होल्टचा साठा असतो. दोघांना जोडणाऱ्या तारा एका मुठीत मावतील एवढ्याच. पण प्रोग्रॅममधला आकडा कटरच्या टोकाशी खरा उतरतो की नाही, हे त्या तारांवर आणि दोन्ही टोकांच्या सेटिंगवर ठरते.

पुढच्या विवेचनात उदाहरण म्हणून लाकूड, अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियम कापणाऱ्या छोट्या राउटरवर सर्रास दिसणारा स्पिंडल घेतला आहे : २.२ किलोवॉट, २२० व्होल्ट, दोन पोल, ४०० हर्ट्झला २४,००० फेरे, पाण्याने थंड होणारा.

फेरे कशावर ठरतात

इंडक्शन मोटरमधले चुंबकीय क्षेत्र किती वेगाने फिरणार, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी आणि मोटरच्या पोलची संख्या. फ्रिक्वेन्सीला १२० ने गुणून पोलच्या संख्येने भागले, की मिनिटाचे फेरे मिळतात. नेहमीच्या ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर ३,००० आणि चार पोलची १,५०० फेऱ्यांच्या पुढे जात नाही. म्हणूनच जुन्या लेथवर वेग बदलायचा तर पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर सरकवावा लागे किंवा गिअर बदलावे लागत. ड्राइव्ह थेट फ्रिक्वेन्सीच बदलतो. ४०० हर्ट्झ दिले की दोन पोलची मोटर २४,००० फेऱ्यांवर जाते, २०० हर्ट्झ दिले की १२,००० वर. रोटर क्षेत्राच्या किंचित मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात.

ड्राइव्हमध्ये हे काम तीन टप्प्यांत होते. आधी रेक्टिफायर एसीचा डीसी करतो. मग कपॅसिटर तो साठवतात; २३० व्होल्ट सिंगल फेजवर हा साठा सुमारे ३२५ व्होल्टचा असतो. शेवटी सहा आयजीबीटी तो डीसी सेकंदाला हजारो वेळा जोडतोड करून मोटरच्या तीन फेजना देतात. आयजीबीटी हा सेमीकंडक्टर स्विच १९८०च्या दशकात बाजारात आला. त्याच्या जडणघडणीत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले बी. जयंत बलिगा यांचा मोठा वाटा आहे.

फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात बदलावे लागते. उदाहरणातल्या स्पिंडलला ४०० हर्ट्झला २२० व्होल्ट लागतात, म्हणजे दर हर्ट्झला ०.५५ व्होल्ट. मात्र अनेक ड्राइव्ह ५० हर्ट्झच्या मोटरसाठीची सेटिंग घेऊनच कारखान्यातून निघतात. ती न बदलता हा स्पिंडल जोडला, तर ५० हर्ट्झला त्याच्या वाट्याला सुमारे २७ व्होल्टऐवजी पूर्ण २२० व्होल्ट येतात आणि वाइंडिंग जळते. त्यामुळे कंट्रोलरची पहिली तार जोडण्याआधी ड्राइव्हमध्ये बेस फ्रिक्वेन्सी, कमाल फ्रिक्वेन्सी, मोटरचे व्होल्टेज, करंट आणि पोलची संख्या भरून घ्यावी लागते. किमान फ्रिक्वेन्सीही नेमून द्यावी. फार कमी वेगाला अशा स्पिंडलमध्ये जोर उरत नाही, आणि ज्याचा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो त्याला पुरेसा वाराही मिळत नाही.

आकड्याचे व्होल्टेज

वेगाचा आकडा ड्राइव्हपर्यंत पोचवण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे ० ते १० व्होल्टचा अ‍ॅनालॉग सिग्नल. त्याला दोन तारा लागतात : एक सिग्नलची, दुसरी त्याच्या परतीची. ड्राइव्हवर सिग्नलचे टर्मिनल एव्हीआय, व्हीआय किंवा एआय१ अशा नावाने असते, परतीचे बहुधा एसीएम किंवा जीएनडी असते. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजले जाते. म्हणून परतीची तार सिग्नलच्या तारेइतकीच मोलाची. ती यंत्राच्या सांगाड्यावरून किंवा अर्थच्या पट्टीवरून घेतली, की वाटेतला सारा गोंगाट वेगाच्या आकड्यात मिसळतो. १० व्होल्टमध्ये २४,००० फेरे सामावलेले असतील, तर फक्त ०.१ व्होल्टचा फरक २४० फेऱ्यांचा ठरतो.

दोन्ही बाजूंचे माप एकच हवे. कंट्रोलरमध्ये ‘कमाल वेग २४,०००’ आणि ड्राइव्हमध्ये ‘१० व्होल्ट म्हणजे ४०० हर्ट्झ’ असे ठरले, की एस१२००० साठी ५ व्होल्ट निघतात, ड्राइव्ह २०० हर्ट्झ देतो आणि हिशेब जुळतो. ड्राइव्हची कमाल फ्रिक्वेन्सी कमी राहिली असेल, तर कंट्रोलरच्या पडद्यावर २४,००० दिसत असताना कटर रेंगाळत असतो. कंट्रोलर ५ व्होल्टच्या वर जात नसेल आणि ड्राइव्ह १० व्होल्टची वाट पाहत असेल, तर प्रत्येक वेग निम्मा होतो. ड्राइव्हचा जंपर ५ व्होल्टवर आणि कंट्रोलर १० व्होल्टवर असेल, तर वेग दुप्पट होतो.

बऱ्याच छोट्या कंट्रोलरमधून खरे अ‍ॅनालॉग व्होल्टेज निघत नाही. आर्डुइनो उनोवर चालणारी ग्रबल ही मुक्तस्रोत प्रणाली ११ क्रमांकाच्या पिनवर सेकंदाला सुमारे हजार वेळा चालू-बंद होणारा ५ व्होल्टचा पल्स देते. चालू राहण्याचा काळ वाढला की वेग वाढला असे समजायचे. हा पल्स एका छोट्या कन्व्हर्टर बोर्डमधून ० ते १० व्होल्टचा करून घ्यावा लागतो. पल्सच्या रुंदीचे २५५ टप्पे असल्याने २४,००० फेऱ्यांमध्ये एक टप्पा सुमारे ९४ फेऱ्यांचा पडतो. राउटरला ते चालते. ग्रबलमध्ये कमाल वेगाचे सेटिंग ३० क्रमांकाचे असते आणि त्याची मूळ किंमत १,००० असते. ती तशीच राहिली तर एस१००० म्हणताच पूर्ण १० व्होल्ट जातात आणि स्पिंडल थेट २४,००० फेऱ्यांवर पोचतो.

कन्व्हर्टर बोर्डमध्ये ऑप्टो-आयसोलेशन असणे हिताचे. यात सिग्नल प्रकाशाच्या रूपात पलीकडे जातो आणि दोन बाजूंच्या वीजवाटा एकमेकींना शिवत नाहीत. अशा बोर्डच्या ड्राइव्हकडील बाजूला वीज ड्राइव्हच्याच १० व्होल्ट टर्मिनलमधून देता येते. कंट्रोलरला यूएसबीने लॅपटॉप जोडलेला असेल, तर हे वेगळेपण लॅपटॉपलाही वाचवते.

चालू, बंद, दिशा आणि परतीची वर्दी

वेगाचा सिग्नल मोटर चालू करत नाही. तो फक्त किती वेगाने हे सांगतो. चालू करण्यासाठी ड्राइव्हवर वेगळी टर्मिनले असतात : एफडब्ल्यूडी किंवा एफओआर पुढच्या दिशेसाठी, आरईव्ही उलट्या दिशेसाठी, आणि त्यांची सामाईक डीसीएम किंवा कॉम. कंट्रोलरची एम३ ची रिले एफडब्ल्यूडीला सामाईक टर्मिनलशी जोडते, एम४ ची आरईव्हीला. एम५ ला दोन्ही सुटतात. शून्य वेग दिला म्हणजे स्पिंडल थांबला, असे मानता येत नाही. कंट्रोलरच्या शून्यात ०.०५ व्होल्ट उरले तरी उदाहरणातल्या स्पिंडलसाठी ते १२० फेरे होतात.

रिलेऐवजी ट्रान्झिस्टरचे आउटपुट वापरायचे असेल, तर एनपीएन आणि पीएनपी यांचा मेळ पाहावा लागतो. पहिला टर्मिनलला शून्याकडे ओढतो, दुसरा त्याला २४ व्होल्ट देतो. बऱ्याच ड्राइव्हवर यासाठी जंपर असतो. ड्राइव्ह स्वतःचे २४ व्होल्ट वापरत असताना बाहेरून दुसरे २४ व्होल्ट आणून जोडण्याआधी पुस्तिकेतली आकृती पाहणे भाग आहे. उलट्या दिशेची तार राउटरवर बहुधा लागतच नाही. तिथले कटर एकाच दिशेने कापतात. मोटर पहिल्यांदा उलटी फिरली, तर ड्राइव्हकडून मोटरला जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की पुरे.

ड्राइव्हकडून कंट्रोलरकडेही दोन वर्द्या यायला हव्यात. पहिली, ठरलेला वेग गाठल्याची. स्पिंडलला २४,००० फेऱ्यांपर्यंत जायला काही सेकंद लागतात. त्याआधी कटर लाकडात शिरला तर तो मोडतो. ड्राइव्हची मल्टिफंक्शन रिले ‘फ्रिक्वेन्सी गाठली’ यावर ठेवून ती कंट्रोलरच्या इनपुटला देता येते. तशी सोय नसेल तर एम३ नंतर जी४ ने थांबा द्यावा. दुसरी वर्दी बिघाडाची. ड्राइव्ह ट्रिप होऊन स्पिंडल थांबला आणि अक्ष मात्र सरकत राहिले, तर थांबलेला कटर मालात घुसतो. म्हणून बिघाडाचा संपर्क एरवी बंद राहील आणि बिघाडात उघडेल असा जोडतात. मग तार तुटली तरी यंत्र थांबते.

गोंगाट, शील्ड आणि अर्थ

आयजीबीटीचे व्होल्टेज एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात शून्यावरून तीनशेवर जाते. असे हजारो धक्के मोटरच्या केबलमधून दर सेकंदाला जात असतात. शेजारून कंट्रोलरची केबल गेली, की लिमिट स्विच लागलेला नसताना लागल्याचे दिसते, यूएसबी तुटते, वेगाचा आकडा डोलतो. बहुतेक ‘गूढ’ बिघाडांचे मूळ इथे असते.

उपाय ठरलेले आहेत. मोटरची केबल शील्डेड असावी आणि तिचे शील्ड ड्राइव्ह व मोटर अशा दोन्ही टोकांना रुंद क्लँपने अर्थ करावे. शील्डची शेपटी वळून लांब तार काढली तर शील्डचा उपयोग जवळजवळ संपतो. अ‍ॅनालॉग सिग्नलसाठी पीळ दिलेली शील्डेड जोडी वापरावी, आणि तिचे शील्ड एकाच टोकाला जोडावे. दोन्ही केबल वीस-तीस सेंटिमीटर दूर ठेवाव्यात. छेद द्यायचाच झाला तर काटकोनात द्यावा. स्पिंडलच्या धातूच्या अंगाला अर्थ पोचतो का, हे मल्टिमीटरने तपासावे. काही स्पिंडलमध्ये कनेक्टरची चौथी पिन आतून कशालाच जोडलेली नसते. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच अर्थकडे जातो, त्याने आरसीसीबी, म्हणजे अर्थकडची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडू शकतो. अर्थ काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा आरसीसीबी बसवणे हा उपाय.

आरएस-४८५ चा मार्ग

अ‍ॅनालॉगऐवजी आकडा थेट आकडा म्हणूनही पाठवता येतो. बहुतेक ड्राइव्हवर आरएस-४८५ चे दोन टर्मिनल असतात आणि त्यावर मोडबस ही मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेली भाषा चालते. अनेक ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी ०.०१ हर्ट्झच्या मापात घेतात. ४०० हर्ट्झसाठी ४०,००० हा आकडा पाठवायचा. यात व्होल्टेज घसरण्याचा प्रश्न नाही, शिवाय मोटरचा करंट आणि बिघाडाचा क्रमांक परत वाचता येतो. एक रजिस्टर लिहिण्याचा संदेश आठ बाइटचा असतो. सेकंदाला ९,६०० बिटच्या गतीने तो जायला सुमारे ८ मिलिसेकंद आणि उत्तर यायला तेवढेच लागतात. लांब केबलच्या टोकांना १२० ओहमचा रोध लावावा लागतो. सर्वच ड्राइव्ह मोडबस तंतोतंत पाळत नाहीत : हुआनयांगच्या जुन्या ड्राइव्हची भाषा इतकी वेगळी आहे, की लिनक्ससीएनसीमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र घटक लिहावा लागला.

थांबणे

वेग उतरवताना फिरणारा स्पिंडल जनरेटर होतो आणि वीज ड्राइव्हकडे परत ढकलतो. कपॅसिटरमधले व्होल्टेज चढते आणि ते फार चढले तर ड्राइव्ह ट्रिप होतो. उतरण्याचा वेळ वाढवावा किंवा ब्रेकिंग रेझिस्टर लावावा. आणीबाणीचे बटण कंट्रोलरच्या प्रोग्रॅमवर किंवा मोडबसवर सोपवू नये; ते तारेनेच थांबवणारे असावे. ड्राइव्हमध्ये एसटीओ म्हणजे सेफ टॉर्क ऑफ असेल, तर बटण तिथे जोडावे. एसटीओ मोटरचा जोर काढून घेते, पण ब्रेक लावत नाही. स्पिंडल आपल्या गतीने थांबतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कॉन्टॅक्टर घालून चालू मोटर तोडल्यास आयजीबीटी उडू शकतात. पुरवठ्याच्या तारा यू, व्ही, डब्ल्यूला जोडल्या तर ड्राइव्ह हमखास जातो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात, म्हणून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, व्होल्टेज मोजूनच झाकण उघडावे.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी मोटर न जोडता करावी. एस६०००, एस१२००० आणि एस२४००० ला ड्राइव्हच्या टर्मिनलवर २.५, ५ आणि १० व्होल्ट मिळायला हवेत. मग ड्राइव्हच्या पडद्यावर १००, २०० आणि ४०० हर्ट्झ पाहावेत. किंचित फरक असेल तर ड्राइव्हमधील बायस आणि गेनने तो काढता येतो. शेवटी मोटर जोडून, कटर न लावता, पाण्याचा पंप चालू ठेवून, कमी वेगापासून वर जावे आणि प्रत्येक टप्प्याला टॅकोमीटर लावावा.

या जोडणीत कंट्रोलरला खरे फेरे कधीच दिसत नाहीत. तो सांगतो आणि ते झाले असे मानतो. आटे पाडण्यासाठी अक्ष आणि स्पिंडल यांची गाठ फेऱ्यागणिक जुळावी लागते, त्यासाठी स्पिंडलवर फेरे मोजणारा एन्कोडर हवा. कापण्याच्या बाकी कामांना एवढे पुरते. एस१२००० वर टॅकोमीटरने ११,८०० दाखवले तर ती स्लिप आहे, दोष नव्हे. ६,००० किंवा २४,००० दाखवले, तर तारा उपसण्याआधी दोन्ही टोकांची कमाल मापे पुन्हा जुळवून पाहावीत.